लीड कोणाला करतात?

खोपटच्या एसटी स्टँडजवळ आम्ही अभ्यासिका चालवतो. तिथली एक मुलगी सात वर्षे सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नव्या पोरांना काम तीच शिकवते. त्यातला एक आता तिचाच लीड झालाय. तिला सांगितले, "तुझं कम्युनिकेशन कमी पडतं."

शिकवताना कमी पडत नव्हते!

आम्ही समाजशास्त्र शिकलो, कोडिंग नाही. पण कोड चालतो की नाही ते मशीन सांगते; लीड कोण, ते मॅनेजर ठरवतो. जात शिरते ती इथे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्कोवर दावा भरला. आरोप असा, की दलित इंजिनिअर एचआरकडे गेल्यावर त्याचे लीडपद काढले. दोन मॅनेजरांवरील दावा राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला, हेही सांगितले पाहिजे. पण प्रश्न कोर्टापर्यंत तरी गेला.

आणि आपण? १४ एप्रिलच्या सत्कारात पॅकेजचा आकडा माईकवरून सांगतो, हुद्दा विचारत नाही. तिचाही सत्कार आम्हीच केला होता.

मित्रांनो, अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन' आले, तर कोणती मीटिंग, कोणता ईमेल, ते लेखी मागा. तिने गेल्या महिन्यात मागितले. उत्तर अजून आलेले नाही.