साधं पीठ

माझ्या नातवाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि नेमकी तीच मला जमेना.

२०१६ साली मी तीन महिने लेकीकडे लीड्सला होते. नातू नऊ वर्षांचा. त्याच्या शाळेत भाजलेल्या मांसाबरोबर यॉर्कशायर पुडिंग वाढत. नाव पुडिंग, पण पदार्थ गोड नव्हे. मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये ठेवायचं. काठ फुगून वर येतात, मध्ये वाटीसारखा खळगा राहतो आणि त्यात मांसाचा दाट रस्सा ओततात. जुनी रीत बीफच्या चरबीची. ती हलाल नसणार म्हणून पोरगा पुडिंग ताटात घेत नसे. "नानी, तू घरी कर ना," तो म्हणाला.

आयुष्यभर घावन आणि तांदळाच्या भाकऱ्या केलेली मी. म्हटलं, त्यात काय एवढं!

लेकीच्या कपाटात चार प्रकारची पिठं होती. आधी चपातीचं पीठ घेतलं, कारण ते ओळखीचं. कोंड्यासकट दळलेलं ते पीठ जड. पुडिंग तळाला बसलं ते बसलंच. दुसऱ्या रविवारी 'सेल्फ रेझिंग' लिहिलेलं पाकीट काढलं. आपोआप फुगणारं पीठ, मग आणखी काय हवं? फुगलं खरं, पण केकसारखं. मऊ गोळे झाले, ना वाटी ना पोकळी. नातवाने एक शब्द न बोलता खाल्लं. त्याचं ते गप्प राहणं मला लागलं.

शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक गोऱ्या आजीबाई एकट्या राहत. दर रविवारी त्या मला जेवायला बोलवत आणि मी रक्तदाबाचं कारण सांगून टाळत असे. खरं कारण त्यांच्या ओव्हनमधली ती चरबी. सांगायला जीभ रेटत नव्हती. त्यांच्या घरात राहायला आलेली माणसं आपण, त्यात त्यांच्या जेवणाला नावं कशी ठेवायची?

त्या दिवशी कुंपणाशी लेकीने माझी फजिती त्यांना सांगितली. त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, सोडा घातलेलं पीठ याला नकोच. मग मलाही उलगडलं. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली छापलेल्या पुस्तकात यॉर्कशायर पुडिंगची कृती आहे. सेल्फ रेझिंग पीठ ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने काढलं, त्याचं पेटंट १८४५ चं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं हे पुडिंग साध्या पिठावरच फुगत होतं. त्याला वर उचलते ती वाफ. अंडी आणि दुधातल्या पाण्याची वाफ होते, आणि गव्हातला चिकटपणा तिला आत कोंडून धरतो. सोड्याचे बुडबुडे मात्र सगळं पीठ जाळीदार करून टाकतात. मग मधली पोकळी कुठून येणार?

"मग पावाचं 'स्ट्राँग' पीठ?" मी विचारलं. त्यात प्रथिनं जास्त, शंभर ग्रॅममागे बारा-तेरा ग्रॅम. साध्यात दहाच्या आसपास. काही जण तेही घेतात, पण पुडिंग चिवट होतं, असं त्यांचं मत. त्यांचा कौल 'प्लेन' पिठाला, म्हणजे आपल्या मैद्याला. एकाच कपाने मैदा, अंडी, दूध सारखं मोजायचं, चिमूटभर मीठ, अर्धा तास पीठ मुरू द्यायचं. तेलातून धूर निघू लागला की ओतायचं आणि फुगून रंग येईपर्यंत ओव्हनचं दार उघडायचं नाही. पीठ पडताच चर्र वाजलं पाहिजे. ही खूण मात्र मला घावनाच्या तव्यावरून ठाऊक होती.

पुढच्या रविवारी आजीबाई स्वतःच आल्या. हातात खळग्यांचा कोरा ट्रे आणि सूर्यफुलाच्या तेलाची बाटली. म्हणाल्या, "माझ्या जुन्या ट्रेमध्ये कित्येक वर्षांची चरबी मुरलीय. तुम्हाला तो चालायचा नाही."

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. रक्तदाबाचं माझं कारण त्यांनी कधीच ओळखलं होतं, आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही.

पीठ मुरेपर्यंत त्या बोलत बसल्या. लहानपणी त्यांच्या घरी पुडिंग मांसाच्या आधी वाढत, नुसतं रश्शाबरोबर. जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मांस, असं आई म्हणे. पोरं पोटभर पुडिंग खात, मग मांस थोडकंच लागे.

मी लेकीकडे पाहिलं. माझे अब्बा जहाजावर. मनीऑर्डर लांबली की अम्मा भाकरी आणि पातळ कालवण आधी वाढायची. "आधी भाकरी, मग बोटी." आम्ही सहा भावंडं. बोटी यायची तोवर पोटात जागा नसायची. त्याला आम्ही बरकत म्हणायचो. त्यामागचा हिशेब कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला.

पुडिंगं फुगली. २००८ साली तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं होतं की चार इंचांहून कमी उंचीचं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. नातवाने पट्टी लावली. तीन इंच भरली. त्याने कुणालाच सांगितलं नाही. बिस्मिल्ला म्हणायच्या आधी त्याने सगळ्यांत उंच पुडिंग उचललं आणि आजीबाईंच्या ताटात ठेवलं.