कर्ता कोण?

'सल्लामसलत' हा जोडशब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. त्याच वाटेने आलेल्या 'खलबता'ला मात्र एकांताची, बंद दाराची छटा आहे. आजच्या सल्लागाराचे काम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी चालते. स्वयंसेवी संस्था, कंपनी आणि शासन यांना एकत्र बसवणे आणि संस्थेच्या पुढच्या वाटचालीचे धोरण आखून देणे, हा आता रीतसर पेशा झाला आहे.

मराठी विभागातल्या आम्हां दोघांना त्याची ओळख झाली ती एका माजी विद्यार्थिनीमुळे. एम.ए., नेट उत्तीर्ण, आणि सहा वर्षे तासिका तत्त्वावर अध्यापन केल्यावर ती अशा एका सल्लागार बाईंकडे नोकरीला लागली. या बाईंनी आधी कंपनीत, मग संस्थेत काम केलेले. दोन्हीकडची भाषा येते, यावरच त्यांचा व्यवसाय उभा आहे.

या व्यवसायाला आपल्याकडे बळ दिले ते कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने. एप्रिल २०१४ पासून, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामासाठी राखावी लागते. पैसा एकाकडे, अनुभव दुसऱ्याकडे, अधिकार तिसऱ्याकडे. साहजिकच मध्यस्थाची गरज वाढली.

या पेशाची परिभाषा मात्र बरीचशी अमेरिकेत घडली. जॉन केनिया आणि मार्क क्रेमर या दोन सल्लागारांनी २०११ मध्ये 'कलेक्टिव्ह इम्पॅक्ट' हा लेख लिहिला. सिनसिनाटी शहरात शिक्षणासाठी तीनशेहून अधिक स्थानिक धुरीण एकत्र आले, हे त्यातले मुख्य उदाहरण. समान उद्दिष्ट, समान मोजमाप, परस्परपूरक कामे, सततचा संवाद आणि सर्वांना आधार देणारी एक संस्था, अशा पाच अटी त्यांनी सांगितल्या. ज्यांच्यासाठी हे सारे करायचे त्या लोकांचे स्थान काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला. २०२२ मध्ये व्याख्या बदलली, तेव्हा समाजातील माणसे आणि समता यांना तीत जागा मिळाली.

आमच्या विद्यार्थिनीला हाच प्रश्न व्याकरणाच्या रूपात भेटला. तिने एका पाणीयोजनेच्या अहवालाचा मसुदा आम्हांला दाखवला. त्यात 'लाभार्थींना प्रशिक्षण देण्यात आले', 'विहिरीची जागा निश्चित करण्यात आली' अशी वाक्ये ओळीने होती. कर्ता कुठेच नाही. बैठकीच्या टिपणांत मात्र स्पष्ट होते, की जागा गावातल्या बायांनी दाखवली होती आणि अभियंत्याने ती मान्य केली होती. तिने वाक्य बदलले : 'विहिरीची जागा गावातील महिलांनी ठरवली.' मराठी प्रतीत ते राहिले. कंपनीकडे गेलेल्या इंग्रजी प्रतीत कर्त्याविनाचे वाक्यच कायम राहिले. कंपनीला तीच शैली ओळखीची आहे, असे बाईंचे म्हणणे.

बाईंचा नाइलाज आम्हांला कळतो. ज्याच्याकडून मानधन येते त्याच्या भाषेत बोलावे लागते. परंतु दोन पक्षांमध्ये उभे राहणाऱ्याची पारख अशाच वाक्यांत होते, असे आम्हांला वाटते. मुलीला 'परत वर्गात ये' म्हणण्यासारखी जागा आमच्या महाविद्यालयात नाही. यंदा प्रयोगविचार शिकवताना तिची दोन्ही वाक्ये आम्ही फळ्यावर लिहिली आणि विहिरीची जागा कोणी ठरवली, एवढेच मुलांना विचारले.