वायूच्या पोटचा

भट्टीतून नुकताच बाहेर आलेला तो पाहिला, तर त्याला हिरा म्हणायला कोणी धजणार नाही. चौकोनी, चपटा, कडेने काळाकुट्ट. ती काळी कड लेझरने कापून काढली, की आतला फिकट तपकिरी ठोकळा उघडा पडतो. मग तो सुरतेतल्या वराछा-कतारगामच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर जातो, रत्नकलाकाराच्या हाताखाली त्याला पैलू पडतात. त्यानंतर तो खाणीतल्या भावंडाशेजारी ठेवला, तर हिऱ्यांत जन्म घालवलेल्या व्यापाऱ्यालाही नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. सुरतेच्या बाजारात खाणीतला तो ‘नॅचरल’ आणि हा ‘सीव्हीडी’, म्हणजे भट्टीत वाढवलेला.

त्याचा जन्म वायूतून होतो. हिऱ्याचीच एक पातळ चकती, जिला इथे सीड म्हणतात, बंद भांड्यात ठेवतात. भांड्यातली हवा उपसून भरपूर हायड्रोजन आणि थोडा मिथेन सोडतात. आतला दाब बाहेरच्या हवेच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढाच असतो. मग २.४५ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी सोडल्या, की वायू झळाळून उठतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच वारंवारतेवर चालतो. वायूचे रेणू फुटतात, चकती हजार अंशांच्या घरात तापते आणि मिथेनमधला कार्बन तिच्यावर थराथराने बसू लागतो. काही अणू भलत्याच जागी बसतात आणि त्यांचे ग्रॅफाइट होऊ पाहते. त्यांना खरवडून काढायचे काम हायड्रोजनकडे. ग्रॅफाइट तो झपाट्याने खाऊन टाकतो, हिऱ्याला मात्र फारसा धक्का लावत नाही.

मोठेपणी पोलादाला ओरखडा काढणारा हा हिरा लहानपणी फार नाजूक असतो. तासाला काही मायक्रॉन, एवढीच त्याची वाढ. अंगठीजोगा व्हायला त्याला आठवडे लागतात आणि त्या काळात वीज, दाब, तापमान, वायूचे प्रमाण यांतले काहीही ढळून चालत नाही. मध्येच खंड पडला, तर त्याची खूण अंगात राहते. म्हणून अशा भट्ट्यांवर रात्रपाळीतही माणूस नजर ठेवून असतो.

त्याचे घराणे दिसते त्यापेक्षा जुने आहे. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या विल्यम एव्हरसोल यांनी १९५२ मध्येच वायूतून हिरा वाढवून दाखवला होता. १९५४ च्या डिसेंबरात जनरल इलेक्ट्रिकच्या ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाबाखाली हिरा घडवला. ती याची चुलत शाखा. वायूची वाट मात्र बरीच वर्षे रेंगाळली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांनी ती पुन्हा वाहती केली आणि तिथून ती तापीकाठी आली. जगातले बहुतेक हिरे जिथे पैलू पाडून घेतात, तिथेच हा जन्मालाही येऊ लागला.

खाणीतल्या हिऱ्याचे गुण त्याच्यात सगळे आहेत. काठिण्य तेच, घनता तीच, प्रकाश वळवण्याची रीतही तीच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळुरूमध्ये शेकडो हिरे जमवून त्यांच्या प्रकाशाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे नाव लागलेल्या वर्णपटात हिऱ्याची रेषा १३३२ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येपाशी उमटते. याचीही तिथेच उमटते. खाणीतला हिरा बहुधा अब्जावधी वर्षांपूर्वीचा, हा जेमतेम महिनाभराचा, पण कार्बनच्या अणूंची रचना दोघांत एकच आहे.

मग तो ओळखू कसा येतो? मुख्यतः नायट्रोजनवरून. जमिनीखाली तयार झालेल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन मुरलेला असतो, याच्या अंगात तो जवळजवळ नसतो. तपासणीची यंत्रे आधी या उणिवेचा माग काढतात आणि संशयित खडे पुढच्या चाचणीसाठी बाजूला करतात.

या नायट्रोजनशी त्याचे नाते गुंतागुंतीचे आहे. भट्टीत तो किंचित सोडला, तर वाढ भराभर होते, पण अंगावर तपकिरी झाक चढते. ती घालवायला हिरा नंतर उच्च दाबाखाली तापवावा लागतो. दागिन्यांच्या व्यापारात नायट्रोजन म्हणजे दोष, आणि दोष म्हणजे भाव कमी.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हाच दोष शोधत माणसे येतात. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, की तिथे एक विलक्षण जोडी तयार होते. तिच्यावर हिरवा प्रकाश टाकला, तर ती लाल चमकते. २.८७ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरी दिल्या, तर त्या चमकेत फरक पडतो आणि त्या फरकावरून अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजता येते. यासाठी अतिशीत तापमान लागत नाही, खोलीतले तापमान पुरते. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक कस्तुरी साहा यांच्या गटाने हिऱ्यातल्या अशाच दोषांवर चालणारा सूक्ष्मदर्शक बांधला आहे. शिवाय हिरा तांब्याच्या पाचपट उष्णता वाहून नेतो, म्हणून तापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांखाली बसवण्यासाठीही त्याला मागणी आहे.

सरकारी धोरणातही तो येऊन बसला आहे. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात सीडवरची आयात जकात काढून टाकण्यात आली. हिरा वाढवण्याचे तंत्र देशात तयार व्हावे म्हणून एका आयआयटीला पाच वर्षांचे अनुदान जाहीर झाले. ते सुमारे २४३ कोटींचे काम मद्रासच्या आयआयटीकडे गेले. त्याच वर्षी १९ एप्रिलला ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी मिळाली आणि पुढे तिच्यातले संवेदन व मापनाचे केंद्र पवईच्या याच आयआयटीकडे आले. जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला.

यांतली कुठली बातमी घंटीपर्यंत पोचते? भेटीची पोचते, जकातीचीही पोचते. भाव तर सकाळ-संध्याकाळ पोचतो, आणि गेल्या काही वर्षांत तो असा कोसळला, की त्याची धास्ती घरोघरी शिरली. पण तपकिरी झाक चढवणारा वायू दुसरीकडे मापनयंत्राचा जीव ठरतो, ही बातमी कारागिराच्या भाषेत फारशी येत नाही. ती इंग्रजी शोधनिबंधात आणि दिल्लीच्या पत्रकात अडकून पडते. भाव पडल्यावर हिऱ्याच्या अंगी अंगठीपलीकडचे कोणते काम आहे, हे ज्याला सर्वांत आधी कळायला हवे, त्याच्यापर्यंत ते सर्वांत शेवटी जाते.

सुरतेत हे बदलायला लागणारी माणसे आणि जागा आहेत. महापालिकेचे विज्ञान केंद्र आहे, १९६१ पासूनचे सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान आहे. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडियातही चालतात. लिंबायत-उधन्याच्या गल्ल्यांत अहिराणी बोलणारी, धुळे-नंदुरबार-जळगावहून आलेली कुटुंबे राहतात. त्यांतले बहुतेक हात मागावर, पण त्यांची मुले पुढे कुठल्याही कारखान्यात जातील. त्यांच्या वर्गात हिऱ्याचा धडा त्यांच्याच शहरातल्या भट्टीवरून शिकवता येईल.

मापनाचा हिरा आणि दागिन्याचा हिरा एकाच जातीच्या भट्टीत वाढू शकतात. फरक असतो शुद्धतेत आणि नायट्रोजन किती सोडायचा यात. ते प्रमाण ठरवणारा माणूस सुरतेत पाळीवर उभा आहे. झडप किती उघडायची हे त्याला माहीत असते. ती का उघडायची, हेही त्याला त्याच्या भाषेत सांगणे ही विज्ञान लिहिणाऱ्यांची आणि धोरण आखणाऱ्यांची जबाबदारी आहे. अनुदानाच्या प्रत्येक कोटीत या सांगण्याचा वाटा धरला पाहिजे.