आईची सुतळी

पुणे-सातारा रस्त्यावर, कापूरहोळच्या अलीकडे वरवे बुद्रुक लागते. तिथे आम्ही एक वापरलेला फ्लॅट घेतला आणि किल्ली हाती यायच्या आतच घरात तीन नकाशे तयार झाले. सौभाग्यवतींच्या नकाशात स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत नाहीशी झाली होती. चिरंजीवांच्या नकाशात दिवाणखानाच नव्हता! मी पुस्तकांसाठी एक अख्खी भिंत राखून ठेवली होती.

गवंडीदादांनी भिंत वाजवून पाहिली. “साडेचार इंची आहे. इंजिनियरला दाखवा, सोसायटीची परवानगी घ्या, मग पाडू. खांब-तुळयांना मात्र हात लावायचा नाही.” सौ.चा चेहरा खुलला.

आईने नकाशा काढला नव्हता. तिने कनवटीची सुतळी काढली, तिला दोन गाठी मारलेल्या. त्या दोन गाठींतले अंतर म्हणजे तिच्या वॉकरची रुंदी. सुतळी न्हाणीघराच्या दाराला लावली. एक गाठ चौकटीच्या बाहेर राहिली. शिवाय चार बोटे उंच उंबरा.

दार रुंद करायचे, उंबरा उतरवायचा, म्हणजे जुनी फरशी उखडणे आले. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा पुन्हा घालायचा, वर दोन दिवस पाणी साठवून ठेवायचे आणि खालच्या बिऱ्हाडाला रोज विचारायचे, “छताला ओल दिसते का हो?” न्हाणीघराइतका पैसा खाणारी खोली दुसरी नाही.

सौ.ने आकडा वाचला आणि आपल्या नकाशातली भिंत पेन्सिलीने पुन्हा उभी केली. माझी पुस्तके ट्रंकेतच राहतील. सुतळी सध्या गवंडीदादांच्या खिशात आहे.