नाकारू नये असे दान

जपानच्या चार मुख्य बेटांत आकाराने सर्वांत लहान असलेल्या शिकोकु बेटाला, कधी डोंगराच्या धारेवरून, कधी समुद्राच्या कडेने, तर कधी मालमोटारींनी गजबजलेल्या हमरस्त्याच्या काठाने प्रदक्षिणा घालणारी एक यात्रावाट आहे. मंदिरे 88, अंतर सुमारे 1,200 किलोमीटर. पायी निघालेल्याला दीड महिना सहज लागतो. इ. स. 774 मध्ये याच बेटावर जन्मलेला, 804 साली समुद्र ओलांडून चीनला गेलेला आणि तेथे चांगआन नगरात वायव्य भारतातून आलेल्या प्रज्ञ नामक भिक्षूपाशी संस्कृतचे पाठ घेतलेला कूकाई, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला कोबो दाइशी, हा या यात्रेचा अधिष्ठाता. यात्रेकरूच्या अंगात पांढरा सदरा, डोक्यावर गवताची विणलेली रुंद टोपी आणि हातात काठी असते. त्या टोपीवर सिद्धम् लिपीतले एक अक्षर रेखलेले असते. आपल्या देवनागरीशी त्याचे गोत्र एकच असल्यामुळे, आजोळच्या लग्नात भेटलेल्या कुणा दूरच्या मामासारखे ते ओळखीचे वाटते आणि तरी नाव आठवत नाही.

या वाटेवरच्या गावांत एक जुना दस्तूर आहे. त्याला ओसेत्ताई म्हणतात. वाटेने जाणाऱ्या यात्रेकरूला, तो कोण, कुठला, भाविक की नुसता हौशी, याची पृच्छा न करता काहीतरी द्यायचे: भाताचा गोळा, चहा, संत्र्याच्या जातीची मिकान, एखादे नाणे, पूर्वीच्या काळी गवती पायताणांचा जोड, क्वचित रात्रीचा निवारा. वसंत ऋतूत पलीकडच्या किई प्रांतातून खाडी ओलांडून, नावांत सामान भरून, केवळ देण्यासाठी येणाऱ्या मंडळ्याही असत. घेणाऱ्यावर बंधन एकच. दिलेले नाकारायचे नाही आणि त्याच्या बदल्यात आपले नाव, गाव व तारीख लिहिलेली कागदाची एक चिठ्ठी द्यायची. या चिठ्ठ्या मंगल मानून गवती पोत्यांत साठवून माळ्यावर टांगण्याची रीत होती, आणि जुन्या घरांतून अशी पोती अलीकडेपर्यंत सापडत आली आहेत.

न देणाऱ्याचे काय होते, याची कथाही याच वाटेवर सांगितली जाते. इयो प्रांतातला एमोन साबुरो नावाचा एक धनाढ्य आणि कृपण गृहस्थ दारी आलेल्या मलिन भिक्षूला पुन्हा पुन्हा हाकलून देतो, शेवटी त्याचे भिक्षापात्रच फोडून त्याचे आठ तुकडे करतो आणि पाठोपाठ त्याची आठ मुले एकामागून एक मरतात. भिक्षू म्हणजे दाइशी हे उमगल्यावर क्षमेसाठी तो बेटाला वीस प्रदक्षिणा घालतो. भेट होत नाही म्हणून एकविसावी उलटी घालतो आणि बाराव्या मंदिराच्या, शोसान्जीच्या, चढावर मरणोन्मुख होऊन पडतो, तेव्हा त्याला दाइशी भेटतो. मला ही कथा फारशी रुचत नाही. मुलांच्या मरणाने बापाला शहाणपण शिकवणारी दैवते सर्वच देशांत आहेत, आणि त्यांच्याविषयी मला कधी ममत्व वाटलेले नाही. परंतु दारी आलेला परका माणूस कोण असेल याची खात्री कुणालाच नसते, ही अनिश्चिती या बेटाने किती मनावर घेतली आहे, ते त्या कथेतून कळते.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो एक निरस सरकारी कागद. एदो काळात यात्रेकरूला गाव सोडताना परवाना घ्यावा लागे, आणि संस्थानांच्या नाक्यांवर त्याची तपासणी होई; तोसा संस्थान तर यात्रेकरूंच्या बाबतीत विशेष करडे होते. या परवान्यांत पुष्कळदा असा मजकूर असे की, सदर इसम वाटेत आजारी पडून मरण पावल्यास त्याचा अंत्यविधी त्या त्या गावच्या रिवाजाप्रमाणे करावा, आणि त्याच्या गावी कळवण्याची तसदी घेऊ नये. असाध्य रोगांनी ग्रासलेले, घरच्यांनी टाकलेले, परत येण्याची आशा न ठेवता निघालेले कितीतरी लोक या वाटेवर होते. त्यांचा पांढरा सदरा हेच त्यांचे कफन आणि काठी हीच थडग्यावर रोवायची खूण. वाटेच्या कडेला त्यांच्या शेवाळलेल्या समाध्या अजून दिसतात. ज्याची भाषा धड कळली नाही अशा कुणासाठी कुणा शेतकऱ्याने आपल्या कामाचा दिवस मोडून खड्डा खणला, हे दानही त्या दस्तुराच्याच खात्यात धरले पाहिजे.

मला मिळाले ते अर्थातच फार किरकोळ. एहिमे भागात डोंगरउतारावर मिकानच्या बागा थेट खालच्या समुद्रापर्यंत उतरत जातात. अशाच एका बागेच्या बांधाशी उकिडवी बसून फळे निवडणारी एक म्हातारी मला पाहताच लगबगीने उठली आणि हात पुढे करून तिने मला थांबवले. एप्रनला हात पुसून तिने तीन फळे माझ्या ओंजळीत ठेवली. मग क्षणभर विचार करून त्यांतले एक परत घेतले आणि टोपलीतले, देठाला पान असलेले, त्याहून मोठे शोधून दिले. एवढ्यावर भागले नाही. कमरेच्या बटव्यातून शंभर येनांचे नाणे काढून तिने कागदात गुंडाळले आणि तेही वर ठेवले. नंतर तिने हात जोडले, ते माझ्या तोंडाकडे पाहून नव्हे, माझ्या काठीकडे पाहून. यात्रेकरूबरोबर दाइशी चालत असतो आणि ती काठी म्हणजे प्रत्यक्ष तोच, अशी तेथली श्रद्धा. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचे टोक धुतात, आणि तो एकदा पुलाखाली निजला होता म्हणून कोणत्याही पुलावरून जाताना काठी टेकत नाहीत. मी तिला चिठ्ठी दिली. तीवरचे देवनागरी नाव तिने उलटेसुलटे करून पाहिले, मनापासून हसली आणि चिठ्ठी बटव्यात टाकून फळे निवडायला बसली. मी निघालो याकडे तिचे लक्षही नव्हते.

त्या अलक्षाने मला फार मोकळे वाटले. उपकाराखाली दबलेल्या माणसाला कृतज्ञतेचा जो एक छोटासा प्रयोग करून दाखवावा लागतो, तो येथे कुणी मागितलाच नव्हता. रिवाज म्हणून केलेली माया ही खरी माया नव्हे, ती आतून उसळून यावी लागते, असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. परंतु आतून येणारी माया माणसाचे तोंड पाहून येते, आणि सगळ्यांचीच तोंडे माया उपजवणारी नसतात. पालखीच्या वाटेवर पिठलेभाकरी रांधून उभ्या राहणाऱ्या आपल्या गावांना हे सांगायला नको. तरी एक भेद उरतोच: वारकरी दिंडीबरोबर येतो, दरसाल येतो, पुष्कळदा ठरलेल्या घरी उतरतो. शिकोकुच्या वाटेवर माणूस बहुधा एकटा येतो, आणि तो पुन्हा येईल असे देणाराही धरून चालत नाही.

अलीकडे या दस्तुराला एक नवीच अडचण उपस्थित झाली आहे. बहुसंख्य यात्रेकरू आता बसमधून किंवा मोटारीतून हिंडतात. पायी चालणारा दिसला की गावकऱ्यांना कणव येते आणि ते मोटार थांबवून दार उघडतात. नाकारावे, तर दान नाकारल्याचा दोष. स्वीकारावे, तर पायी चालण्याचा संकल्प मोडतो. यावर जाणत्या यात्रेकरूंत दोन तट आहेत, आणि दोन्ही तट आपापले म्हणणे मुक्कामाच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत मांडतात. माझ्यापुढे मोटार थांबली तेव्हा पाऊस लागलेला होता, आणि धर्मनिर्णयाला त्याने बरीच मदत केली. आत बसल्यावर चालवणाऱ्या गृहस्थाने माझी ओली काठी मागच्या आसनावर स्वतःच्या कोटावर आडवी ठेवली, ती घरंगळू नये म्हणून तिला पट्टाही लावला, आणि मग मला माझा लावायला सांगितले.