काल्पनिक दाराचा हिशेब

गेममध्ये मी दारं बसवतो. एक या भिंतीत, दुसरं त्या भिंतीत. इकडून आत शिरलं की तिकडून बाहेर. व्हॉल्व कंपनीच्या 2007 सालच्या ‘पोर्टल’ या गेमनं अशा दारांचं वेड अनेकांना लावलं, मलाही.

भूमिती त्यामानानं सरळ. माणसाची जागा पहिल्या दारापासून मोजायची, उभ्या अक्षाभोवती 180 अंशांत फिरवायची आणि ती मापं दुसऱ्या दाराला लावायची. न फिरवता लावली, तर माणूस बाहेर पडायचा सोडून भिंतीत घुसतो. फिरवण्याऐवजी आरशासारखी उलटवली, तर तो बाहेर येतो खरा, पण हृदय उजवीकडे घेऊन. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचा गाभा हीच डाव्या-उजव्याची अदलाबदल आहे.

कस लागतो तो भौतिकशास्त्रात. एक दार जमिनीत, दुसरं बरोबर वर छतात, मध्ये 3 मीटर. वरच्या दारातून चेंडू सोडला की तो पडतच राहतो. पहिल्या फेरीअखेर वेग सेकंदाला 7.7 मीटर, हवेचा विरोध सोडला तर चौदाव्या फेरीत तो ताशी 100 किलोमीटर ओलांडतो. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं उमटतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये चेंडू जवळजवळ अर्धा मीटर सरकलेला असतो: आत्ता दाराच्या वर, पुढच्या चित्रात जमिनीच्या पोटात. त्यामुळे तो कुठे आहे एवढं पाहून भागत नाही. मागच्या जागेपासून आत्ताच्या जागेपर्यंतची रेघ दाराला छेदते का, हे दर वेळी तपासावं लागतं.

आणि ही वाढती ऊर्जा येते कुठून? कुठूनच नाही. ‘पोर्टल’मध्ये ती फुकट मिळते, आणि उंचावरून जमिनीतल्या दारात उडी मारून भिंतीतून सुसाट बाहेर फेकलं जाण्याची सगळी मजा त्या फुकटेपणात आहे. पण एका जागेला एकच गुरुत्वविभव (दर किलोमागची स्थितिज ऊर्जा), हा न्यूटनचा हिशेब पाळायचा ठरवला, तर जोडलेल्या दोन्ही दारांशी विभव सारखंच हवं. मग मध्ये कमावलेला वेग दाराजवळ फेडावा लागतो. चेंडू मंदावतो, परततो, हेलकावत राहतो.

मला हे दुसऱ्या प्रकारचं, हिशेब पाळणारं दार जास्त आवडतं. त्याच्यावर एक अख्खा गेम रचायचाय. त्यात खाली पडायलासुद्धा जोर लावावा लागेल.