सोप्यातला राजा शिवछत्रपती

पेरणी उरकून पावसाची झड लागली की दादा सोप्यात 'राजा शिवछत्रपती' मोठ्यानं वाचायचे. आळीतली माणसं घोंगडी पांघरून ऐकायला यायची. अफझलखान प्रतापगडाखाली आला की आत्या म्हणायची, "थांब रं, कंदिलाची वात वर कर आधी."

बाबासाहेब पुरंदरे यांची ताकद ही. पुण्यात १९२२ साली जन्मलेला हा माणूस गडकोट पायी फिरला, जुने कागद चाळले. पण लिहायला बसला तो शाहीर होऊन. 'जाणता राजा'त तर त्यांनी हत्ती-घोडेच रंगमंचावर आणले.

धाकटे चुलते मात्र सत्यशोधकी वळणाचे. मध्येच म्हणायचे, "शहाजीराजं, जिजाऊ असताना दादोजी अन् रामदासांचा एवढा बडेजाव कशापायी?" दादा पुस्तक मिटायचे. त्या रात्री वाचन बंद.

हाच वाद पुढं महाराष्ट्रभर पेटला. पुण्याच्या लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा २०१० साली हलवला गेला. बाबासाहेबांना २०१५ साली महाराष्ट्रभूषण मिळाला, तो राजभवनात, कडक बंदोबस्तात. मला चुलत्यांचा प्रश्न रास्त वाटतो. शाहिरी रंगली म्हणून तिला पुरावा कसं म्हणायचं? पण शहाजीराजांची धावपळ चुलत्यांनी पहिल्यांदा ऐकली, तीही ह्याच सोप्यात, ह्याच पुस्तकातून.

१५ नोव्हेंबर २०२१ ला बाबासाहेब गेले. दादा त्याआधीच गेलेले. चुलत्यांनी पुस्तक मागून नेलं. आता समासात पेन्सिलीनं भांडत भांडत वाचतात; परत मागितलं तर म्हणतात, "अजून पन्हाळ्यावरच आहे मी."